पॉइंटचे नको, तासाचे द्या

वरच्या मजल्याचं वायरिंग करायचं होतं म्हणून मार्चमध्ये तीन वायरमन घर पाहून गेले. पहिल्या दोघांनी जिना चढता चढताच विचारलं, "पॉइंट किती?" दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, गॅलरी. बोटांवर मोजून त्यांनी पॉइंटमागे, म्हणजे दर दिव्या-पंख्या-सॉकेटमागे, दोनशे असा भाव सांगून टाकला. तिसरे वायरमन भाऊ वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मीटरपाशी उकिडवे बसून त्यांनी जुना मेन स्विच उघडून पाहिला. मग व्हरांड्यात बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "ताई, पॉइंटचे नको. तासाचे द्या. माझे दोनशे रुपये तास, हेल्परचे सत्तर वेगळे. अन् रविवारी मी येणार नाही."

माझा भाऊ त्या दिवशी घरी होता. तो त्यांच्यासमोरच म्हणाला, "तासाचं ठरवलं तर हा दिवसभर भिंतीकडे पाहत बसेल." मला फार वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. फरक इतकाच की मी बोलले नाही.

तरी मी त्यांनाच काम दिलं. त्याला कारण गेल्या वर्षीचा मे महिना.

पारा पंचेचाळिशीला टेकलेला. नागपुरात त्या दिवसांत कूलर ही चैन नसते, ते जगण्याचं साधन असतं. दुपारी आई कूलरच्या टाकीत पाणी ओतत होती. बादली पडल्याचा आवाज आला आणि मी धावले तर आई भिंतीला टेकून बसलेली, हात थरथरतोय, तोंडातून शब्द नाही. पायात रबरी स्लिपर होती. तीच अनवाणी असती आणि खालची फरशी ओली असती, तर आज हे लिहायला मी बसले नसते. दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर कूलरच्या धक्क्याने गेलेल्यांच्या बातम्या असतात. लहान मुलं असतात, घरातल्या बायका असतात. चार ओळी असतात. आपण वाचतो आणि पान उलटतो.

त्या संध्याकाळी हेच वायरमन भाऊ आले होते. त्यांनी सॉकेट उघडून मला दाखवलं. आत दोनच तारा, लाल आणि काळी. हिरवी, म्हणजे अर्थिंगची, नव्हतीच. गळणारा करंट जमिनीत नेते ती तार. तीन पिनच्या सॉकेटमधलं वरचं मोठं भोक म्हणजे अर्थिंगचं भोक. ते बाहेरून दिसत होतं, आतून त्याला काहीच जोडलेलं नव्हतं. पाण्यातल्या पंपाचं इन्सुलेशन खराब झालं, करंट कूलरच्या पत्र्यात उतरला आणि त्याला जमिनीत जायला वाट नव्हती. आईचा हात लागला तेव्हा त्याला वाट मिळाली.

"मग एमसीबी काहून नाही पडला?" मी विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. एमसीबी हा आपोआप पडणारा स्विच वायर जळू नये म्हणून असतो. सोळा अँपियरचा एमसीबी सोळाच्या वर गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाच्या छातीतून एका अँपियरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदय थांबू शकतं. माणूस वाचवायचा तर आरसीसीबी लागतो, घरासाठी ३० मिलिअँपियरचा. जाणारा करंट आणि परत येणारा करंट तो सतत तोलत असतो. दोन्हींत फरक पडला की क्षणात बंद.

त्या दिवशी त्यांनी तळमजल्याची चौदाही सॉकेटं उघडली. हिरवी तार फक्त तिघांत होती.

हे घर आम्ही १९९९ साली बांधलं. तेव्हाची फाइल मी त्या रात्री काढली. वीजजोडणीसाठी दिलेला टेस्ट रिपोर्ट तिच्यात आहे. परवानाधारक कंत्राटदाराची सही आहे, शिक्का आहे, अर्थिंग तपासून योग्य आढळल्याचं लिहिलं आहे. त्या कंत्राटदाराचं तोंड मी कधी पाहिलेलं नाही. काम करणाऱ्या माणसाने "कागदाचे वेगळे लागतील" म्हणून पैसे घेतले होते आणि आम्ही मुकाट्याने दिले होते. वीजेचं काम परवानाधारकाकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच व्हावं, हे १९५६ च्या भारतीय वीज नियमांतल्या ४५व्या नियमापासून लिहिलेलं आहे. पुढे ते नियम बदलले, ही अट टिकली. आम्ही अट पाळली, कागदावर. परवान्याचे पैसे सहीला गेले, हाताला गेले नाहीत. चौदातली अकरा भोकं चोवीस वर्षं रिकामी राहिली आणि त्यांच्यासमोर आम्ही मुलांना वाढवलं.

म्हणून "पॉइंटचे नको" हे ऐकलं तेव्हा भाव मनात खटकला तरी मी थांबले आणि कारण विचारलं.

त्यांनी सांगितलं ते इतकं साधं होतं की तेहतीस वर्षं गणित शिकवूनही ते मला आधी सुचलं नव्हतं, याचं आश्चर्य वाटलं. पॉइंट म्हणजे एक दिवा, एक पंखा, एक सॉकेट, बटणासकट. तो चालू झाला की त्याचे पैसे झाले. आता अर्थची तार नसली तरी मिक्सर फिरतो, फ्रिज थंड होतो, कूलर वारा देतो. म्हणजे अर्थिंगचा पॉइंट मोजला जात नाही. तपासणीचा पॉइंट नसतो. जॉइंट नीट पिळून, टेप लावून, पुन्हा ओढून पाहायचा पॉइंट नसतो. "पॉइंटच्या रेटनं काम केलं की माणूस पुढच्या पॉइंटकडे धावते, ताई. मीबी धावलो आहे. वाईट माणूस नसला तरी धावते. घरी पैसे न्यायचे असतात नं."

काम नऊ दिवस चाललं. मी निवृत्त आहे, वेळ होता, एक वही केली. आले किती वाजता, गेले किती वाजता, मधली सुट्टी किती. चौथ्या दिवशी पाइप वेळेवर आले नाहीत तेव्हा ते एक वाजता निघून गेले आणि वहीत स्वतःच्या हाताने चार तास लिहिले. जेवणाची वेळ ते न सांगता वजा करत.

त्या नऊ दिवसांतला सगळ्यात मोठा वेळ कशात गेला हे मला आजही सांगावंसं वाटतं. अर्थिंगच्या खड्ड्यात. मानेवाड्याकडची आमची जमीन काळ्या मातीची. पावसात चिखल, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा. ओल गेली की मातीतून करंट नीट वाहत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत घराघरांत कूलर चालू असतात, नेमक्या त्याच महिन्यांत आपलं अर्थिंग सगळ्यात कमजोर असतं. हे मला कुणीच कधी सांगितलं नव्हतं. माझा अंदाज आहे की हे वाचणाऱ्या बहुतेक नागपूरकरांनाही कुणी सांगितलेलं नसेल. भाऊंनी अडीच मीटरचा पाइप उभा गाडला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, पाणी सोडलं, ओळखीच्या माणसाकडून अर्थ टेस्टर आणून रीडिंग घेतलं. ते त्यांना पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन मीटरवर आणखी एक खड्डा घेतला आणि दोन्ही पाइप जोडले. सगळं मिळून अकरा तास. पॉइंट किती? शून्य.

मग मेगर. भिंतीतल्या तारांवर ५०० व्होल्टचा दाब देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र. एका लाइनचं रीडिंग कमी आलं. शोधता शोधता कळलं की गिलावा करताना कुणीतरी ठोकलेल्या खिळ्याने पाइप फोडून वायर सोलली होती. भिंतीवर रंगाचा पहिला हात झाला होता, बाहेरून काही दिसत नव्हतं. ती सगळी वायर ओढून काढून नवी घातली. तीन तास. पॉइंट पुन्हा शून्य.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मी त्यांना विचारलं, महिन्यात पैसे मिळतात असे तास किती? प्रश्न त्यांना आधी कळला नाही. मग मी विस्ताराने विचारलं आणि आम्ही दोघांनी मिळून वहीच्या मागच्या पानावर मांडलं. सकाळी हुडकेश्वरला पंख्याचा कंडेन्सर बदलायचा, काम पाच मिनिटांचं. जायला-यायला पाऊण तास. एखादं बटण जुन्या पद्धतीचं निघालं तर ते शोधायला सीताबर्डी, तिथे नसलं तर इतवारी. लाइन गेलेली असली की ती येईपर्यंत बसून राहायचं. "साहेब घरी नाहीत, उद्या या" हे आठवड्यातून दोनदा. मे महिना भरगच्च, दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस भरगच्च. पितृपंधरवड्यात कुणी नवं काम काढत नाही. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला एकशे वीस तासांच्या वर काही आकडा जाईना.

आठ तासांचे सव्वीस दिवस म्हणजे २०८ तास. "दोनशे रुपये तास" ऐकल्यावर माझ्या भावाच्या डोक्यात जो गुणाकार झाला तो हा: दोनशे गुणिले २०८, म्हणजे ४१,६००. खरा गुणाकार दोनशे गुणिले १२०, म्हणजे २४,०००. त्यातून पेट्रोल, गाडी, फोन, अवजारं, परवान्याचं नूतनीकरण असे पाच हजार गेले. उरले १९,०००. आणि ते मिळवायला तो माणूस घराबाहेर २०८ तासांहून कमी नसतोच. १९,००० भागिले २०८. दोनशे रुपये तासाचे झाले एक्क्याण्णव.

मी तो भागाकार दोनदा केला. पाच माणसांचं घर आहे त्यांचं. काही वर्षांपूर्वी शिडीवरून पडून ते दोन महिने घरी बसले होते, त्या दोन महिन्यांचे तास शून्य होते. मला पेन्शन आहे, आणि महागाई वाढली की मी न मागता माझा महागाई भत्ता वाढतो. त्यांना दर वाढवायचा तर प्रत्येक दारात उभं राहून मागावा लागतो आणि प्रत्येक दारात कुणीतरी माझ्या भावासारखं बसलेलं असतं.

न्याय्य मजुरी किती, हा प्रश्न या देशाने विचारलाच नाही असं नाही. किमान वेतनाचा कायदा झाला १९४८ साली, आणि किमान, न्याय्य आणि निर्वाह वेतन असा भेद मांडणारी समितीही त्याच साली नेमली गेली. १९५७ च्या १५व्या भारतीय श्रम परिषदेने तर सरळ हिशेब घातला. माणसाला रोज २७०० कॅलरी, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचे २० टक्के. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण, लग्न यांसाठी आणखी २५ टक्क्यांची भर घातली. मला हा हिशेब फार आवडतो, कारण तो माणसाच्या ताटापासून सुरू होतो. बाजारात काय भाव चालला आहे, हा त्यातला पहिला प्रश्न नाही.

पण हा हिशेब ज्याला मालक आहे त्याच्यासाठी. महाराष्ट्रात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे वर्ग आहेत, भागांनुसार परिमंडळं आहेत, दर सहा महिन्यांनी बदलणारा विशेष भत्ता आहे. आमच्या दारात येणाऱ्या वायरमनचा मालक मात्र रोज बदलतो. काल मी, आज प्रतापनगरातलं कुणी, उद्या कुणीच नाही. त्याच्यासाठी परिपत्रक निघत नाही. त्याच्यापुरती श्रम परिषद म्हणजे आमचा व्हरांडा.

भाऊंनी वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम श्रद्धानंद पेठेतल्या सरकारी आयटीआयमधून केला. दीक्षाभूमी तिथून लांब नाही. तिकडून जाताना हल्ली मला एक गोष्ट हटकून आठवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते ४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतल्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने, त्यांच्या कारकिर्दीत. किमान वेतनाचं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं तेही त्याच वर्षी. आणि वीज हा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. ती मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. आपण त्यातली स्वस्त वीज लक्षात ठेवली, आणि ती घरात आणणाऱ्याचे तास विसरलो.

मग मी श्रम परिषदेच्या त्या हिशेबाच्या वाटेने वहीत उलटं गणित मांडलं. पाच माणसांच्या घराला नागपुरात नीट जगायला मी महिन्याला तीस हजार धरले. याहून कमी धरायला माझं मन धजलं नाही. त्यात धंद्याचे पाच हजार. पस्तीस हजार भागिले १२० तास. २९२ रुपये. आणि ही फक्त गरज झाली. दोन वर्षांचं शिक्षण, पंचवीस वर्षांचा हात, परवाना, आणि चूक झाली तर कुणाचा तरी जीव जाईल ही जबाबदारी, यांचं मोल अजून त्यात आलेलंच नाही.

मी २९२ दिले नाहीत. घराच्या कामाला हात आखडला होता. पहिल्या तासापासून अडीचशे धरा म्हटलं. ते संकोचले, म्हणाले, "बोललो ते बोललो, ताई." त्यांना पटवायला एक चहा आणखी लागला. शेवटी अठ्ठावन्न तास झाले. त्यांचे साडेचौदा हजार, हेल्परचे ४,०६०. पॉइंटने केलं असतं तर सेहेचाळीस पॉइंटचे नऊ हजार दोनशे. फरक नऊ हजार तीनशे साठ रुपयांचा. न्हाणीघरातले नळ आणि शॉवर यांना मी त्याहून जास्त दिले होते आणि दुकानात एका शब्दाने घासाघीस केली नव्हती.

भावाची शंका मात्र मी उडवून लावत नाही. तासाचे पैसे दिले तर ज्याला काम येत नाही तो जास्त वेळ लावेल आणि जास्त कमावेल, हे खरं आहे. म्हणूनच परवाना खरा असायला हवा. पॉइंटने काम देताना आपण फक्त दिवा लागला का ते पाहतो. तासाने द्यायचं तर समोरचा माणूस तो तास कशात घालवतोय यावर विश्वास लागतो, आणि त्या विश्वासाला आधार म्हणून तर परवाना, प्रमाणपत्र, परीक्षा हे सगळं निघालं. सही विकत मिळते तोवर भावासारखे लोक शंका घेत राहणार, आणि खऱ्या परवान्याच्या माणसाला बिनपरवान्याच्याच भावात उभं राहावं लागणार. सही विकणारा सगळ्यात आधी आपल्याच धंद्यातल्या चांगल्या माणसाची मजुरी खातो. मला याचा राग येतो, आणि आमच्या १९९९ च्या फाइलमध्ये तो कागद आहे म्हणून जास्त येतो.

आता मे आहे. संध्याकाळी मी दोन्ही खड्ड्यांत बादलीभर पाणी टाकते, भाऊंनी सांगितलं आहे तसं. आई कूलरमध्ये पाणी भरायला जात नाही. भीती गेली नाही तिची, आणि मी तिला आग्रह करत नाही.

शेजारच्या वहिनींकडेही नुकतंच नवं वायरिंग झालं, पॉइंटच्या भावाने. मी आधी भाऊंचं नाव सुचवलं होतं, पण तासाला अडीचशे ऐकून त्यांनी विषय बदलला होता. परवा कूलर लावायचा म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी बटण बंद करून, मेन स्विच खाली पाडून, स्क्रूड्रायव्हरने एक सॉकेट उघडलं. मग त्यांच्या परवानगीने आणखी चार. पाचपैकी दोघांत हिरवी तार होती.

वहिनी बराच वेळ त्या उघड्या सॉकेटकडे पाहत राहिल्या. त्यांचा नातू चार वर्षांचा आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत आला आहे.

"किती तास लागतील हो त्यांना?" त्यांनी विचारलं.

"पाहिल्याशिवाय ते सांगणार नाहीत."

"बरं. परवा रविवार आहे, हे घरी असतात. रविवारी बोलावू?"

"रविवारी नाही," मी म्हटलं. "रविवारी तेही घरी असतात. सोमवारी विचारते."